वजाबाकीत उरलेले सर

सरांसमोर "आज लय उकडतंय" असं नुसतं म्हणायची सोय नव्हती. लगेच प्रश्न यायचा, "किती?"

आमच्या शेजारचा चहावाला एकदा वैतागून म्हणाला, "आवं सर, उकडतंय म्हंजे उकडतंय. त्येला काय माप असतंय?" दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच्या टपरीच्या खांबाला थर्मामीटर बांधला आणि खाली वही लटकवली. बिचारा चहावाला आठवडाभर गिऱ्हाइकांना तापमान सांगत बसला. दुखतंय म्हटलं तरी किती, आवडतं म्हटलं तरी किती, भीती वाटते म्हटलं तरी किती. "आधी मोजायचं, मग घाबरायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे उलटं केलं की माणूस आणि म्हैस यांत फरक राहत नाही, असंही वर म्हणायचे.

रहिमतपुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, साठीशांत, जे येईल ते काढतो. स्टुडिओच्या वर एक खोली होती, ती सरांनी भाड्यानं घेतली. सांगलीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून रिटायर झालेले, एकटे, किडकिडीत, डोक्यावर कायम कानटोपी. सामान म्हणजे दोन ट्रंका दगड, एक कॉम्प्युटर आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक मीटरभर लांब काठी. जगातल्या कुठल्याही वस्तूचा फोटो काढायचा तर शेजारी माप ठेवल्याशिवाय ते काढूच द्यायचे नाहीत. मोठ्या वस्तूला काठी, लहानीला खिशातली सहा इंची पट्टी.

एका लग्नात मी कॅमेरा घेऊन फिरतोय आणि हे पंगतीत पापडाशेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढतायत. नवरदेवाचा मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ह्ये पावनं कुनाकडचं? आचाऱ्याची तक्रार करनार हायत का काय?" मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "फोटोवाले, या पापडाचे फोड बघा. लहान भरपूर, मधले कमी, मोठे दोन-चार. आपल्या काळ्या दगडात जी भोकं असतात ना, लाव्हा उकळताना झालेली, त्यांची मोजणी पण अशीच येते." मग आमटी गार होईपर्यंत फोड मोजत बसले.

सरांनी मला पहिल्यांदा वर बोलावलं ते एका दगडासाठी. दगडाची चकती त्यांनी घासून घासून इतकी पातळ केली होती की तिच्यातून उजेड आरपार जायचा. तिच्या पुढे-मागे दोन खास काचा लावल्या आणि मला म्हणाले, तुमची जवळून फोटो काढायची लेन्स लावा. मी डोळा लावला आणि हाताला काटा आला. आपल्याकडचा साधा काळा दगड, पायरीला घालतो तो, आतून निळा, जांभळा, पिवळाधमक पेटला होता. काच फिरवली की एक रंग विझायचा आणि दुसरा पेटायचा.

"सर, हे असलं आत असतंय?"

"आपण वरून बघतो म्हणून काळा," ते म्हणाले. "आता पिवळे ठिपके मोजा."

मोजले मी. सहाशेच्या पुढं गेल्यावर नाद सोडला. त्यांनी कॉम्प्युटरवर बटण दाबलं आणि तेच काम एका दमात झालं. मला चिडवायला आधी हातानं करायला लावलं होतं, हे तेव्हा कळलं. असले होते.

त्या दिवसापासून मी त्यांच्यात अडकलो. आणि अडकायला कारणही होतं. माझी थोरली बहीण, आक्का, कोरेगावच्या बाजूला डोंगराखालच्या एका वस्तीवर दिलेली. अकरा घरं. मागं काळा कडा, ताठच्या ताठ. दाजी मिलिटरीतून रिटायर होऊन आले, कड्याला लागून घर बांधलं आणि दोन वर्षांत गेले. तेव्हापासून आक्का, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं असे पाच जण राहायचे. एकदा सरांना तिकडं जेवायला नेलं. ते जेवले नाहीतच. ताट वाढून ठेवलंय आणि हे परसात मान वर करून उभे.

"ही भेग कधीपासनं आहे?"

आक्का म्हणाली, "माजं लगीन झालं तवापासनं हाय की. आमी दिवाळीला तिच्यात पनती ठेवतो."

"तेव्हा केवढी होती?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आक्का, ते सगळ्यांनाच विचारतात."

त्या आठवड्यापासून आमचे सोमवार सुरू झाले. कड्यासमोर एका खडकाला सरांनी तीन भोकं पाडून घेतली. माझ्या स्टँडचे पाय त्या भोकांतच बसायचे, केसभर इकडं-तिकडं नाही. कडा पश्चिमेला तोंड करून होता, म्हणून फोटो सकाळीच काढायचा, ऊन त्याच्यावर यायच्या आत. सावली फसवते म्हणायचे. आणि स्वतः काठी उभी धरून भेगेच्या बरोब्बर तळाशी एका धोंड्यावर बसायचे. मी म्हणायचो, "सर, आवं, त्याच्याखालीच कशाला बसताय?" तर म्हणायचे, "माप लांब ठेवलं तर आकडा खोटा येतो." तीच कानटोपी, तोच स्वेटर, तीच बसायची तऱ्हा, नजर सरळ माझ्या कॅमेऱ्यात. दर सोमवारी.

मग खोलीवर येऊन वजाबाकी. या सोमवारच्या फोटोतून मागच्या सोमवारचा फोटो वजा करायचा. जे दोन्हीत सारखं, ते काळं होऊन जायचं. जे बदललं, तेवढंच पांढरं उरायचं. सर मूळचे विट्याचे, वडील गलाईवाले. कुठल्या लांबच्या शहरात जुनं सोनं वितळवून त्यातलं तांबं, चांदी काढायचे. "आमच्या घरात सगळे हेच करत आले," सर म्हणायचे. "नको ते काढून टाकायचं आणि काय उरतं ते बघायचं."

पहिले काही सोमवार पडदा काळाकुट्ट. कडा नाही, आकाश नाही, सरसुद्धा नाहीत, कारण ते इतके सारखे बसायचे की दोन सर एकमेकांतून वजा होऊन जायचे. मला ते बरं वाटायचं नाही. शेजारी बसलेला माणूस पडद्यावरून पुसला गेलेला बघायचा म्हणजे काय. मग एका सोमवारी त्या काळ्यात वरपासून खालपर्यंत एक पांढरा केस उगवला.

"हे काय?"

"डोंगर हलला," सर म्हणाले.

"किती?" माझ्या तोंडून गेलं. सर मोठ्यानं हसले. त्यांना असं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. पण मला काही हसू आलं नाही, कारण त्या केसाच्या खाली आक्काचं परसदार होतं.

थंडीतली एक गोष्ट सांगायची राहिली. कड्याच्या पायथ्याला एक म्हातारी धनगर आजी सकाळची बसायची. शेरडं वर सोडायची आणि स्वतः लाल लुगडं आवळून एका जागी बसून राहायची, हलायची म्हणून नाही. सगळ्या फोटोंत ती आहे आणि म्हणूनच वजाबाकीत कधी दिसली नाही. एका सोमवारी पडद्यावर पायथ्याशी पांढरं काहीतरी आलं. बसलेली बाई. गुडघे, डोक्यावरचा पदर, सगळं. मी खुर्चीवरून उठलोच.

"घाबरू नका," सर म्हणाले. "आज ती तिथं नव्हती. मागच्या सोमवारची उरली."

आक्काला फोन लावला. आजी रविवारी पहाटे गेली होती. सरांनी मग कॉम्प्युटर बंद केला आणि कानटोपी काढून हातात घेतली. मी किती म्हणून विचारलं नाही.

मार्चपर्यंत भेगेला फाटे फुटले. सर त्या फोटोवर चौकटी आखायचे, भेग किती चौकटींतून जाते ते मोजायचे, मग चौकटी निम्म्या आकाराच्या करून परत मोजायचे. त्यावरून म्हणे दगड आत किती पिंजलाय ते कळतं. त्यांनी सगळे आकडे लिहून तहसील कचेरीत दिले, साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि शाळेला सुट्टी लागल्यावर वस्ती शाळेच्या खोल्यांत हलवली. अकराही घरं. आक्का भांडी बांधताना माझ्यावर चिडली होती, पण गेली.

आणि इथं मी माती खाल्ली.

लग्नाचा सीझन होता. एका दिवसात तीन-तीन लग्नं, हजारो फोटो. आम्ही फोटोवाल्यांनी कॉम्प्युटरमध्ये एक बटण बसवून ठेवलेलं असतं. आमच्यात त्याला नवरीचं बटण म्हणतात. कॅमेऱ्याच्या कार्डातले सगळे फोटो त्यातून काढले की चेहऱ्यावरचे डाग, पुटकुळ्या, सुरकुत्या, बारीक रेघा सगळं साफ. वेळ वाचावा म्हणून मी ते असं लावून ठेवलं की कार्ड घातलं की आपोआप चालावं. आणि त्याच कार्डात सोमवारचा डोंगर असायचा.

पहिल्या सोमवारी पडदा सगळीकडं धुरकट आला. सर म्हणाले, उन्हाळ्याची धूळ असेल. दुसऱ्या सोमवारी काळाकुट्ट. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या सोमवारीही तेच. केस गायब. चौकटी मोजल्या तर फाटेसुद्धा कमी झालेले. सर दोन-दोनदा डोळे पुसून बघायचे. "डोंगर बरा होतोय की काय?" असं एकदा पुटपुटले. ते पुटपुटणं मला आजही ऐकू येतं. मे संपता संपता त्यांनी कचेरीत लिहून दिलं, हालचाल थांबली आहे. शाळाही सुरू व्हायची होती. वस्ती घरी आली. आक्कानं मला पुरणपोळ्या पाठवल्या.

जूनमध्ये कडेगावचं एक लग्नघर अल्बम परत घेऊन आलं. नवरीची आजी माझ्या टेबलावर अल्बम आपटून म्हणाली, "ही आमची पोरगी न्हवं. आमच्या पोरीच्या हनुवटीवर खोक हाय, ल्हानपनी उंबऱ्यावर पडल्याली. ती कुटं घालवलीस रं?"

नवरी लाजून म्हणाली, "राहू दे की आजी, छान दिसतंय."

"छान दिसतंय, पर तू न्हाईस!"

मी हनुवटीकडं बघत राहिलो. खोक. बारीक रेघ. त्या म्हातारीला तसंच बसवून मी जिना चढलो आणि सरांना सगळं सांगितलं. सांगताना मी रडलो, खोटं कशाला बोलू.

सर ओरडले नाहीत. विचारलं, "किती?"

"पाच सोमवार."

"मूळ फोटो आहेत?"

नव्हते. पुढच्या लग्नासाठी कार्ड पुसलेलं होतं. सर उठले, काठी घेतली आणि म्हणाले, "चला. माफी मागायला जायचंय."

कचेरीत जाऊन त्यांनी चूक माझी आहे असं लिहून दिलं. माझी म्हणजे त्यांची. माझं नाव घेतलंच नाही. साहेब म्हणाले, मी परत सांगून बघतो, पण लोक ऐकतील का? वस्तीवर आम्ही गेलो तेव्हा सगळे पारावर जमले. सर उभे राहून आकडे सांगायला लागले. मधेच आक्काच उठली.

"आवं मास्तर, चैतात म्हनला हाय. जेष्टात म्हनला न्हाई. आता परत म्हनताय हाय. डोंगर हाय का सोंगटी? आमी किती डाव भांडी बांदायची?"

"चूक माझ्याकडून झाली, बाई."

"मग आता बरूबर हाय कशावरनं?"

मी मागं उभा होतो. चूक यांची नाही, माझी आहे, एवढं वाक्य मला बोलायचं होतं. भावकीतली सगळी माणसं समोर, आक्काचा मुलगा समोर. नाही बोललो. त्याची लाज मला अजून वाटते. सरांनी मान खाली घातली, मग कड्याखाली जाऊन आपल्या धोंड्यावर बसले. सोमवारची सकाळ होती. मी फोटो काढला. नवरीचं बटण बंद करून.

मार्चच्या फोटोंशी आता जमत नव्हतं, पावसानं कड्याचा रंगच बदललेला; वजाबाकी करायला अजून एक सोमवार हवा होता, चांगला, न पुसलेला. तो यायच्या आधी शुक्रवारी दुपारी सर जिन्यात बसलेले सापडले. छातीवर हात. साताऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. गाडीत त्यांनी एकच विचारलं, "सोमवारी जाल ना?" विट्याहून पुतणी आली, ट्रंका, कॉम्प्युटर आणि काठी घेऊन गेली. दगड तेवढे माझ्याकडं ठेवले.

सोमवारी मी एकटा गेलो. पाऊस उघडला होता. स्टँडचे पाय भोकांत बसवले. समोर कडा आणि खाली रिकामा धोंडा. काठी नाही, हे फोटो काढल्यावर लक्षात आलं. परत येऊन सरांच्या खोलीत, माझाच लॅपटॉप ठेवून, दोन फोटो एकमेकांतून वजा केले.

पडदा काळा झाला आणि त्यात सर बसलेले होते.

पांढरेशुभ्र. कानटोपी, स्वेटरची बाही, वर उभी धरलेली काठी, तिचे पट्टेसुद्धा. मला कारण माहीत होतं. धनगर आजीच्या वेळी त्यांनीच सांगितलेलं. मागच्या सोमवारचे उरले. तरी मी दारापर्यंत मागं सरकलो होतो. आणि एक गोष्ट वेगळी होती. सर नेहमी कॅमेऱ्यात बघायचे. या फोटोत त्यांचं तोंड वर होतं, भेगेकडं. मी त्या दिवशी लाजेनं त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं, म्हणून मला दिसलं नव्हतं.

भेगेकडं बघायला मला बराच वेळ लागला. तो आता केस नव्हता. सरांच्या खांद्याच्या वरून निघालेला जाड पांढरा ओरखडा होता. खोलीत मी एकटा होतो, पण प्रश्न अगदी कानाशी आला. किती? मग मी पांढऱ्या काठीच्या पट्ट्यावर माप धरलं आणि मोजलं. परत मोजलं. तीन वेळा मोजलं. एका आठवड्यात दोन बोटं.

आधी मोजलं होतं. मग घाबरलो.

लॅपटॉप तसाच उघडा मांडीवर ठेवून जीप करून वस्तीवर गेलो. आक्का चुलीपुढं होती. तिच्यापुढं पडदा धरला. तिनं हातातली परात खाली ठेवली.

"ह्ये मास्तर न्हवं?"

"व्हय."

"शुक्रवारी गेलं म्हनलास."

"गेले."

"ह्यो फोटू कवाचा?"

"आजच्या सकाळचा," मी म्हणालो. एवढंच. मागच्या सोमवारची गोष्ट मी सांगितली नाही. मुद्दाम नाही सांगितली. ज्या माणसानं आयुष्यभर खरं माप धरलं, त्याचं मी भूत करून बहिणीपुढं ठेवलं आणि वर दोन बोटांचा आकडा सांगितला. तो आकडा मात्र खरा होता. आक्का उठली, दारात जाऊन धोंड्याकडं बघून आली, पदर डोक्यावरून घेतला आणि मुलाला हाक मारली. संध्याकाळपर्यंत अकराही घरांत कुजबुज पोचली की मास्तर अजून कड्याखाली बसल्यात. मंगळवारी दुपारी वस्ती रिकामी झाली, परत शाळेच्या खोल्यांत गेली. साहेबांनी ट्रॅक्टर दिले. कुणी वाद घातला नाही. जनावरं सोडून नेताना लोक धोंड्याला हात जोडत होते आणि मी तोंड फिरवून उभा होतो.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला कडा खाली आला. आवाज रहिमतपुरात कुणाला ऐकू आला नाही, पण मी कप खाली ठेवला ते आठवतं, का ठेवला ते माहीत नाही. अकरापैकी सात घरं दिसेनाशी झाली. आक्काचं पहिलं. माणूस एकही दगावला नाही. एक मांजर राहिली होती, तीही दोन दिवसांनी शाळेत आली.

पुढच्या सोमवारी मी आणि आक्का गेलो. भोकं पाडलेला खडक जागेवर होता. फोटो काढला, तिथंच लॅपटॉपवर वजाबाकी केली. ज्या फोटोत सर आहेत, त्यातूनच केली. पडदा सगळा पांढरा. सगळंच बदललेलं, त्यामुळं सगळंच पांढरं, आणि त्यात सर कुठं आहेत ते काही कळेना.

आक्कानं चष्मा लावून बघितलं. "मास्तर कुटं गेलं?"

मग मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. नवरीचं बटण, पुसलेले फोटो, पारावर गप्प बसलो ते, आणि सर पांढरे का दिसत होते ते. भूत नव्हतं आक्का, मी तुला फसवलं. ती ऐकत होती आणि ढिगाऱ्यातून वर आलेला तिच्या परसातला तुळशीचा कट्टा बघत होती.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"आजच्या सकाळचा म्हनताना कान चोळीत व्हतास. ल्हानपनापासनं खोटं बोलताना तू कान चोळतोस."

"मग गेलीस कशाला?"

"मास्तर लय आकडं सांगायचं. शानं मानूस. पर त्येंच्या तोंडावर कवा भ्या दिसलं न्हाई, मग आमी कशाला भ्यावं? त्या दिशी तू आलास तवा तुजं व्हट पांढरं पडल्यालं. तू माजा भाव हायस. मी पडदा बगितलाच न्हाई नीट, तुज्याकडं बगितलं."

सर असते तर विचारलं असतं, किती भ्याला होता? ते मला अजून सांगता येत नाही. स्टँड उचलायला गेलो तर आक्का म्हणाली, थांब, आणि तिनं त्या तीन भोकांतली माती काडीनं उकरून साफ केली. मग मला म्हणाली, "चार घरं अजून उबी हायत. फुडच्या सोमवारी येताना मास्तरांची ती काठी मागून आन. मी धरून बसंन."